अकरावीचे वर्ष, परीक्षांचा तक्ता आणि मे महिना

वाचकाचे पत्र

“आम्ही गेली पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी सध्या हायस्कूलच्या दहावीत असून तिला पुढे इंजिनिअरिंग करायचे आहे. एमआयटी, जॉर्जिया टेक, यूसी सॅन डिएगो आणि रट्गर्स ही नावे सध्या तिच्या तोंडी असतात. तिच्या बाबांनी गेल्या महिन्यात परीक्षांचा एक तक्ता करून फ्रिजवर लावला आहे. त्यात येत्या मार्चपासून बारावीच्या ऑक्टोबरपर्यंत एसएटी चार वेळा, एसीटी दोनदा (या दोन्ही महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षा), मध्ये पीएसएटी ही एसएटीची पूर्वपरीक्षा आणि अकरावीच्या मे महिन्यात एपीच्या, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या, पाच परीक्षा आहेत. टेक्सासमधल्या माझ्या नणंदेचे म्हणणे असे, की एसएटीच्या सब्जेक्ट टेस्ट, म्हणजे एकेका विषयाच्या वेगळ्या परीक्षाही द्यायलाच हव्यात. ओळखीतल्या एका मुलाने सातवीतच एसएटी दिली होती, त्यामुळे आपल्याला उशीर झाला असेही घरात बोलले जाते. मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, वसंत ऋतूत ट्रॅकच्या संघात धावते आणि या उन्हाळ्यात आम्ही सहा आठवडे भारतात जाणार आहोत. परवा ती तक्त्यासमोर उभी राहून एवढेच म्हणाली, ‘आई, यात एकही शनिवार माझा नाहीये.’ यातले काय ठेवावे आणि काय गाळावे?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर मी तो तक्ता माझ्यासाठी एका कागदावर उतरवून काढला. एकूण बारा परीक्षा, आणि त्यांपैकी पाच एकाच महिन्यात. आकडा मोठा आहे, पण माझ्या मते तक्त्याचा खरा दोष त्या आकड्यात नाही. अकरावीच्या मे महिन्यावर किती ओझे येते याचा विचार न करता बाकीचे महिने भरले गेले आहेत, हा खरा दोष आहे. त्याकडे मी पुढे सविस्तर येते. आधी तुमच्या घरातल्या दोन धास्ती दूर करते.

सब्जेक्ट टेस्ट आता अस्तित्वातच नाहीत. एसएटी आणि एपी घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने त्या अमेरिकेत जानेवारी 2021 मध्ये बंद केल्या आणि एसएटीचा वैकल्पिक निबंधही त्याच वर्षीच्या जूननंतर बंद झाला. काही राज्यांत शाळेच्या दिवशी होणाऱ्या परीक्षेपुरताच तो उरला. नणंदबाईंच्या मुलांच्या वेळी ही परीक्षा असेल, तर त्यांचा सल्ला त्या काळापुरता योग्यच होता. सातवीत एसएटी देणारी मुले बहुधा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सेंटर फॉर टॅलेंटेड यूथसारख्या उपक्रमांत शिरण्यासाठी ती देत असतात. महाविद्यालयाच्या प्रवेशाशी त्या गुणांचा संबंध नसतो. त्यामुळे तुमच्या मुलीला उशीर वगैरे काही झालेला नाही. खरे तर येत्या मार्चमध्ये, दहावी संपायच्या आतच, तिला एसएटीला बसवणे हीच घाई ठरेल.

आता कामाकडे वळू. तारखा ठरवण्यापूर्वी महाविद्यालयांची यादी समोर ठेवावी, कारण प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा आहे आणि गेल्या काही वर्षांत हे नियम वारंवार बदलले आहेत. कोविडच्या काळात बहुतेकांनी परीक्षेची अट शिथिल केली होती. एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा लागू केली, आणि 2024 मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड व कॅलटेक यांनीही तोच मार्ग धरला. त्यांतील येल एसएटी किंवा एसीटीऐवजी एपी अथवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाचे गुणही चालवून घेते. जॉर्जिया टेकमध्येही अर्जासोबत गुण द्यावेच लागतात. याच्या अगदी उलट, यूसी सॅन डिएगो ज्या संस्थेचा भाग आहे ते कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाचा निर्णय घेताना एसएटी किंवा एसीटी पाहतच नाही, गुण कितीही उत्तम असले तरी. रट्गर्सने गुण पाठवणे विद्यार्थ्यावर सोडले आहे. म्हणजे तुमच्या चार नावांपैकी दोन ठिकाणी परीक्षा अटळ आहे, एका ठिकाणी ऐच्छिक आणि एका ठिकाणी निरुपयोगी. यावरून एक चांगली धाव पुरेशी आहे हे दिसते. सहा वेळा धावण्याचे कारण या यादीत मला सापडत नाही. मुलगी अर्ज करीपर्यंत नियम आणखी बदलू शकतात, म्हणून अकरावी संपताना तिने स्वतः प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचे पान उघडून ही यादी पुन्हा तपासावी.

एसएटी की एसीटी, हा प्रश्न दोन शनिवारांत सुटतो आणि त्यासाठी खरी परीक्षा देण्याची गरज नसते. कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक या ॲपवर एसएटीच्या पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा विनामूल्य मिळतात, आणि एसीटीची संस्थाही विनामूल्य सराव परीक्षा देते. तीन आठवड्यांच्या अंतराने मुलीने घरीच, सकाळच्या वेळी, घड्याळ लावून दोन्ही सोडवून पाहाव्यात. एसएटीत वाचन-लेखनाचे 54 प्रश्न 64 मिनिटांत आणि गणिताचे 44 प्रश्न 70 मिनिटांत सोडवायचे असतात. सगळी परीक्षा 2 तास 14 मिनिटांची. प्रत्येक विभागाचे दोन भाग पडतात आणि पहिल्या भागात कशी कामगिरी होते त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे ठरते. पहिला भाग संपला की त्याकडे परत जाता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या घाईगर्दीत झालेल्या चुका इथे महाग पडतात. 2025 मध्ये नवे रूप घेतलेल्या एसीटीत इंग्रजीचे 50 प्रश्न 35 मिनिटांत, गणिताचे 45 प्रश्न 50 मिनिटांत आणि वाचनाचे 36 प्रश्न 40 मिनिटांत असतात. विज्ञानाचा विभाग आता ऐच्छिक झाला आहे. हिशेब केला तर एसएटीच्या गणितात एका प्रश्नाला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ मिळतो, तर एसीटीत मिनिटाहून थोडाच अधिक. ज्यांचा हात भराभर चालतो आणि वेळेचा धाक ज्यांना चेव आणतो अशी मुले एसीटीत खुलतात, आणि थांबून विचार करणारी एसएटीत. सराव परीक्षेनंतर मुलीला एवढेच विचारा, की कोणती जास्त सुसह्य वाटली. गुणांत मोठी तफावत नसेल तर तिचे उत्तर अंतिम माना आणि दुसरी परीक्षा तक्त्यातून कायमची पुसून टाका. दोन्ही परीक्षांना महाविद्यालये सारखेच मानतात, त्यामुळे दोन्ही दिल्याने अर्जाला जास्तीचे वजन येत नाही, अभ्यास मात्र दुभंगतो.

तिला एसएटी आवडली असे गृहीत धरून पुढचे सांगते.

अकरावीचा मे महिना कसा असतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. एपीच्या परीक्षा दरवर्षी मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात आणि त्यांतली बहुतेक प्रत्येकी सुमारे तीन तासांची असते. पाच विषय घेतले तर पंधरा तासांच्या परीक्षा दहा शालेय दिवसांत, त्यातही दोन विषय एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवशी येण्याची शक्यता धरायलाच हवी. एसएटीचा मे महिन्यातला शनिवार नेमका त्याच सुमारास पडतो. ट्रॅकच्या स्पर्धा तेव्हा ऐन भरात असतात आणि ऑर्केस्ट्राच्या वसंत मैफलीही त्याच दिवसांत. शिवाय न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालतात, त्यामुळे जूनच्या सुरुवातीची एसएटी तुमच्याकडे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येते. जॉर्जिया किंवा टेक्सासमधल्या मुलांची शाळा मेअखेर संपते, त्यांना जूनची तारीख सोयीची जाते. नातेवाइकांचा सल्ला ऐकताना हा फरक लक्षात ठेवावा. थोडक्यात, तुमच्या मुलीसाठी मे आणि जून या दोन्ही महिन्यांत एसएटी नको. ती जागा एपीला आणि शाळेला देऊन टाकायची. एकदा हे ठरवले की बाकीच्या तारखा जवळपास आपोआप जागेवर पडतात.

अमेरिकेत एसएटी साधारणपणे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, मार्च, मे आणि जूनमध्ये होते. तुमच्या मुलीने अकरावीच्या डिसेंबरमध्ये पहिली आणि मार्चमध्ये दुसरी द्यावी, असे मी सुचवीन. डिसेंबर का, तर ऑक्टोबरमध्ये शाळेत पीएसएटी होणारच आहे आणि तिची घडण एसएटीसारखीच, लांबीही तेवढीच आहे. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा अभ्यास दोन्हीकडे कामी येतो आणि पीएसएटी ही आयती रंगीत तालीम ठरते. डिसेंबरचे गुण साधारण दोन आठवड्यांत हाती येतात, मार्चची नोंदणी त्यानंतरही बराच काळ खुली असते, आणि मधल्या हिवाळी सुट्टीत व जानेवारी-फेब्रुवारीत दुबळ्या जागांवर काम करता येते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशा लागोपाठच्या तारखा घेणारी मुले मी पाहिली आहेत. पहिल्या परीक्षेचे गुण येतात तेव्हा दुसऱ्या परीक्षेला तीन आठवडेही उरलेले नसतात. मग चुका तशाच राहतात आणि गुणही जवळपास तेवढेच येतात. दोन परीक्षांमध्ये निदान दहा आठवड्यांचे अंतर नसेल तर दुसरी देण्यात मला अर्थ दिसत नाही.

तिसरी परीक्षा तक्त्यात लिहूच नका. ती मनात राखीव ठेवा: बारावी सुरू होण्यापूर्वीची ऑगस्टची. मार्चनंतर गुण यादीतल्या विद्यापीठांच्या नेहमीच्या पट्ट्यात बसत असतील तर विषय संपला. विद्यापीठे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या मधल्या पन्नास टक्क्यांचे गुण जाहीर करतात, ते पाहून हा निर्णय घ्यावा, शेजारच्या मुलाचे गुण पाहून नव्हे. एमआयटी आणि जॉर्जिया टेक वेगवेगळ्या तारखांतले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, त्यामुळे डिसेंबरचे गणित आणि मार्चचे वाचन-लेखन चांगले असेल तरी तिचे काम होते. बारावीतल्या ऑक्टोबरची तारीख सर्वांत शेवटची समजावी. पहिल्या फेरीचे बहुतेक अर्ज 1 नोव्हेंबरच्या आसपास द्यायचे असतात, आणि त्या दिवसांत मुले निबंध लिहिण्यात बुडालेली असतात.

आता एपीकडे. इथे एक बारकावा पालकांच्या नजरेतून सुटतो: मे महिन्यातल्या परीक्षेची नोंदणी आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते आणि नंतर माघार घेतल्यास शुल्क पडते. म्हणजे मे किती जड होणार हे मेमध्ये नव्हे, शरदातच ठरते. तुमच्या पत्रात विषयांची नावे नाहीत, पण इंजिनिअरिंगकडे जाणारी अकरावीतली मुले पुष्कळदा अमेरिकन इतिहास, इंग्रजी भाषा, फिजिक्स 1, कॉम्प्युटर सायन्स आणि प्रीकॅल्क्युलस घेताना दिसतात. तिची यादी अशीच असेल तर प्रीकॅल्क्युलसची परीक्षा मी सर्वप्रथम वगळीन. तिला बारावीत आणि नंतर कॉलेजात कॅल्क्युलस करायचाच आहे; इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात त्याआधीच्या गणिताचे क्रेडिट (कॉलेजात धरले जाणारे श्रेयांक) मिळून फारसे काही वाचत नाही. वर्ग घेऊन परीक्षा न देण्याची मुभा अनेक शाळा देतात. तुमच्या शाळेचा नियम काउन्सेलरना विचारून घ्या. उरलेल्या चारांतूनही, नोव्हेंबरमध्ये ज्या विषयात ती धापा टाकत असेल तो गाळायला कचरू नका. एपीचे गुण 1 ते 5 असे असतात; तीन विषयांत 5 मिळणे हे पाचांत 3 मिळण्यापेक्षा तिच्या अर्जाला अधिक उपयोगाचे आहे. अकरावीतल्या एपीचे गुण जुलैत येतात आणि अर्जात लिहिता येतात, तर बारावीतल्या एपीचे गुण येईपर्यंत प्रवेशाचा निर्णय होऊन गेलेला असतो, म्हणून गुणवत्तेचा जोर अकरावीवरच द्यायचा. परीक्षांची उतरंड लावताना माझ्या लेखी क्रम असा आहे: शाळेचे रोजचे गुण पहिले, मग एपी, मग एसएटी. तुमच्या घरातल्या तक्त्यात हा क्रम नेमका उलटा झाला आहे.

पीएसएटीविषयी थोडक्यात. अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटी नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली पायरी असते. देशभरातील सुमारे 13 लाख विद्यार्थ्यांतून जेमतेम 16,000 उपांत्य फेरीत जातात. त्यासाठीचा निर्देशांक काढताना वाचन-लेखनाचे गुण दुप्पट धरले जातात, आणि प्रत्येक राज्याचा कट-ऑफ निराळा असतो; न्यू जर्सीचा देशात सर्वांत वरच्यांपैकी एक आहे. मुलगी त्याच्या जवळपास असेल तर उत्तम, पण त्यासाठी उन्हाळा पणाला लावू नये. पीएसएटीचे गुण महाविद्यालयांकडे पाठवले जात नाहीत.

भारताच्या प्रवासाबद्दल तुम्ही थोड्या अपराधी सुरात लिहिले आहे. तसे वाटण्याचे कारण नाही. येता उन्हाळा दहावी आणि अकरावीच्या मधला आहे आणि तक्त्यात मी सांगितल्याप्रमाणे बदल केला तर त्या काळात तिची एकही परीक्षा येत नाही. जायच्या आधी खान अकॅडमीवर तिचे खाते उघडून द्या. कॉलेज बोर्डाशी जोडलेला तिथला सराव विनामूल्य आहे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-पाऊण तास एवढे तिने आजीच्या घरी केले तरी पुष्कळ झाले. प्रवासात वाचायला दोन-तीन चांगली इंग्रजी पुस्तके आणि काही दीर्घ लेख बरोबर द्या, कारण वाचनाचे गुण सरावाच्या पुस्तकांपेक्षा वाचण्याच्या सवयीने अधिक हलतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यापुढच्या वर्षीचा प्रवास मात्र असा आखा, की ऑगस्टच्या एसएटीच्या निदान दोन आठवडे आधी परत याल. जेट लॅगमध्ये सकाळी आठच्या आत केंद्रावर हजर होणे फार कठीण जाते. भारतातही त्या दिवशी परीक्षा होते म्हणून तिथेच देऊन टाकावी असा विचार काही कुटुंबे करतात; नातेवाईक, पाहुणचार आणि लांबचे केंद्र यांच्या धबडग्यात तो बेत मला पसंत नाही.

सरावाचा वेग अकरावीच्या सप्टेंबरपासून वाढवावा: आठवड्याला दोन संध्याकाळी प्रत्येकी पाऊण तास, आणि दर तिसऱ्या शनिवारी एक पूर्ण परीक्षा. त्या परीक्षेनंतरचा तास सर्वांत मोलाचा असतो. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून का चुकला हे तिने एका ओळीत लिहावे: सूत्र आठवले नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला. महिन्याभरात त्या वहीकडे पाहून कुठे कष्ट घ्यायचे ते तिलाच कळेल, आणि क्लास लावायचा की नाही हेही. मी क्लासच्या विरोधात नाही, पण वही भरण्याआधी लावलेला क्लास तिला येणाऱ्या गोष्टीही पुन्हा शिकवतो.

काही व्यावहारिक कामे तुम्हीच अंगावर घ्या, ती मुलीवर टाकू नका. डिसेंबरच्या परीक्षेची नोंदणी ऑगस्टमध्येच करा, म्हणजे घराजवळचे केंद्र मिळेल. दाट वस्तीच्या भागांत जागा लवकर भरतात आणि मग पहाटे तासभर गाडी चालवत जाण्याची वेळ येते. मुलीला वाढीव वेळेसारखी काही सवलत लागत असेल, तर तिच्या मंजुरीला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात, तेव्हा तो अर्ज शाळेमार्फत उन्हाळ्याआधीच करावा. परीक्षेच्या आठवड्यात ब्लूबुकमध्ये पूर्वतयारीची पायरी पूर्ण करून प्रवेशपत्र काढून ठेवावे आणि आदल्या रात्री लॅपटॉप चार्ज झाला आहे ना हे पाहावे.

राहता राहिला फ्रिजवरचा तक्ता. तिच्या बाबांनी तो काळजीपोटी केला आहे, म्हणून त्यांच्या मागे तो काढून टाकू नका. एखाद्या रविवारी तिघांनी एकत्र बसून कोरे कॅलेंडर घ्या आणि पेन मुलीच्या हातात द्या. ऑर्केस्ट्राच्या मैफली, ट्रॅकच्या स्पर्धा, शाळेच्या परीक्षा आणि भारताचा प्रवास हे तिने आधी लिहावे, मग एपी, आणि त्यानंतर उरलेल्या जागेत डिसेंबर आणि मार्चचे दोन शनिवार. बाबांना सहा परीक्षांऐवजी दोनच दिसल्या की ते कासावीस होतील, तेव्हा त्यांना ऑगस्टची राखीव तारीख दाखवा. पहिली सराव परीक्षा याच महिन्यातल्या एखाद्या शनिवारी ठेवता येईल. त्याच्या पुढचा शनिवार तिचा, तिने तो कसाही घालवावा, आणि तोही तिने कॅलेंडरवर आपल्या हाताने लिहावा.